स्ट्रॉबेरीची ‘मर’: बुरशी कोणती, हे ओळखायचं कसं?

भोर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा प्रश्न आहे. पंचवीस गुंठे स्ट्रॉबेरी, बाहेरच्या रोपवाटिकेतून आणलेली रोपं, लागवड ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. डिसेंबर लागल्यापासून रोज पाच-सात रोपं माना टाकताहेत. दुकानदार म्हणतो फ्युजेरियमची मर, चुलतभाऊ म्हणतो करपा. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या दोन आळवण्या झाल्या, म्हणजे औषधाचं पाणी मुळाशी ओतून झालं, फरक शून्य. सोबत तीन फोटो आहेत. ‘बुरशी कोणती ते सांगा, आणि आपली आपल्याला घरी ओळखता येते का, तेही सांगा.’

फोटोवरून नाव सांगणार नाही. सांगणारे पुष्कळ भेटतील, त्यांची फी आळवणीच्या बाटलीत धरलेली असते. पण तुमच्या फोटोंत एक गोष्ट दिसते आणि ती महत्त्वाची आहे. पहिल्या दोन फोटोंत बाहेरची जुनी पानं वाळून मल्चिंग पेपरवर लोळताहेत आणि मधला कोंब अजून हिरवा आहे. तिसऱ्यात नेमकं उलट: मधली कोवळी पानं लोंबली आहेत, बाहेरची तुकतुकीत आहेत. हे तिन्ही एकाच रोगाचे फोटो असतील असं मला वाटत नाही. म्हणजे दुकानदार आणि चुलतभाऊ, दोघंही थोडे थोडे बरोबर असू शकतात. किंवा दोघंही साफ चूक.

‘मर’ हा शब्द आपण रोगाचं नाव म्हणून वापरतो, पण ती तक्रार आहे, ताप आल्यासारखी. रोपाला वरपर्यंत पाणी पोचत नाही, एवढंच ती सांगते. पाणी अडवणारे किमान सहा-सात जण असतात आणि त्यातले सगळे बुरशी नसतात. म्हणून कोणतीही बाटली उघडण्याआधी मान टाकलेलं रोप मुठीत धरून हळूच ओढा. सहज उपटून आलं आणि खाली मुळंच नसतील, तर माती उकरा. इंग्रजी ‘सी’सारखी वाकलेली पांढरट हुमणी सापडेल. हसू नका. माझ्याकडे ‘फ्युजेरियम आहे का बघा’ म्हणून आलेल्या पार्सलमधून अळी बाहेर चालत आली आहे. तसंच ठिबकचा ड्रीपर तुंबलेला नाही ना, खताचा डोस एकाच जागी साचून मुळं भाजली नाहीत ना, हेही बघून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

हुमणी नसेल तर पुढचा प्रश्न: आधी आतली पानं सुकली की बाहेरची? हे रोज सकाळ-संध्याकाळ बघणाऱ्यालाच सांगता येतं, प्रयोगशाळेला नाही. फ्युजेरियम, मॅक्रोफोमिना आणि व्हर्टिसिलियम या तीन बुरशांत साधारणपणे बाहेरची जुनी पानं आधी जातात आणि मधला कोंब बराच काळ तग धरतो. कोलेटोट्रिकम म्हणजे करपा आणणारी बुरशी. तिच्या क्राऊन रॉटमध्ये, म्हणजे बुडखा सडवणाऱ्या रोगात, कोवळी पानं दुपारी लोंबतात, संध्याकाळी पुन्हा उभी राहतात, दोन-चार दिवस हा खेळ चालतो आणि मग रोप बसतं ते बसतंच. फायटोफ्थोरा कॅक्टोरममध्ये कोवळ्या पानांना निळसर छटा येते आणि रोप फार लवकर कोसळतं. हे नियम शंभर टक्के पाळले जात नाहीत, पण पुढे काय शोधायचं याची दिशा त्यातून मिळते.

आता सुरी घ्या. मेलेलं रोप नको, आज किंवा काल मान टाकायला लागलेलं घ्या. मातीसकट खणून काढा, बादलीत बुडवून मुळं धुवा, झटकू नका. मुळं आणि पानं यांच्या मधला जो आखूड, बोटाएवढा जाड भाग असतो, तो क्राऊन. तो उभा, वरून खाली, एका घावात चिरा. करवतीसारखं घासत कापलं तर रस पसरतो आणि सगळंच तपकिरी दिसायला लागतं. निरोगी क्राऊन आतून पांढरट, कच्च्या बटाट्यासारखा असतो. शेजारी एक निरोगी रोप कापून ठेवाच, नाहीतर डोळ्याला तुलना मिळत नाही.

कोलेटोट्रिकम असेल तर आत विटकरी-तांबूस डाग दिसतो, पण तो सलग नसतो. पांढऱ्यात लाल रेघा घुसल्यासारखा, संगमरवरी. आणि तो भाग घट्ट असतो, बोटाने दाबला तर लगदा होत नाही. फायटोफ्थोरात रंग गडद तपकिरी आणि सलग, पुष्कळदा वरच्या अर्ध्यात जास्त, आणि क्राऊन वळवून ओढलं तर तिथेच तुटतं. फ्युजेरियम आणि मॅक्रोफोमिनात नारिंगी-तपकिरी ते काळपट रंग पाणी वाहणाऱ्या भागात भरलेला असतो. या दोघांत डोळ्याने फरक करता येत नाही. मलाही येत नाही, आणि ‘मला येतो’ म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. व्हर्टिसिलियममध्ये क्राऊनच्या आत फारसं काही दिसतच नाही.

मुळंही बघा. एक पांढरं, जाडसर मूळ नखाने सोला. बाहेरून पांढरं आणि आतला दोरा लाल असेल तर तो फायटोफ्थोरा फ्रागारी, पण तो गार, पाणथळ जमिनीचा रोग आहे. सगळी मुळं काळी पडून सालीसारखी सुटत असतील तर ते बहुधा एकट्याचं काम नसतं. रायझोक्टोनिया, पिथियम आणि मुळांवरचे सूत्रकृमी यांची ती भागीदारी असते आणि तिच्यामागे बहुतेक वेळा वापसा न धरणारी जमीन असते.

घरची प्रयोगशाळा म्हणजे श्रीखंडाचा रिकामा, झाकणाचा डबा. तळाशी टिश्यूपेपरच्या दोन-तीन घड्या ओल्या करून घाला, पाणी साचू देऊ नका. वर काड्यांची किंवा बाटलीच्या झाकणांची बैठक करून तिच्यावर कापलेला क्राऊन, देठाचे तुकडे, डाग पडलेलं फळ ठेवा. नमुना ओल्या कागदाला टेकला की बॅक्टेरिया सगळं खाऊन टाकतात, मग वास तेवढा उरतो. डबा घरात, उजेडात ठेवा, थेट उन्हात नको. डिसेंबरात रात्री गारठा असतो तेव्हा स्वयंपाकघरातली वरची फळी चांगली. तीन ते पाच दिवसांनी दहापटीच्या भिंगातून बघा.

डाग खोलगट आणि त्यावर नारिंगी-गुलाबी चिकट थेंब आले असतील तर कोलेटोट्रिकम. हे थेंब एकदा बघितले की माणूस विसरत नाही. राखाडी लव, भिंगाखाली झाडासारख्या फांद्या आणि टोकांना द्राक्षाच्या घडासारखे पुंजके, फुंकर मारली की धूर उडाल्यासारखं: तो बोट्रायटिस. उंच पांढरे धागे, टोकाला काळ्या टाचणीची डोकी आणि फळातून पाणी गळतंय, तर रायझोपस. पांढरा कापूस तर काहीही असू शकतो. कापूस बघून ‘फ्युजेरियम’ म्हणू नका.

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून सांगते. पुण्यातल्या कृषी महाविद्यालयातून बाहेर पडून मी तेव्हा नुकतंच स्वतःचं काम सुरू केलं होतं. एका बागायतदाराने एसटीच्या पार्सलने स्वारगेटला रोपं पाठवली. पॉलिथिनच्या पिशवीत, तोंड गच्च बांधून, आतून घाम सुटलेला. पिशवी उघडली तेव्हा शिरक्यासारखा आंबट वास आला. तिथेच नमुना नाकारायला हवा होता. मी मुळांचे काळे तुकडे घेतले, एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये मिनिटभर बुडवले, निर्जंतुक पाण्यातून तीनदा काढले, बुरशी वाढवायच्या बटाटा-डेक्स्ट्रोज आगरवर ठेवले. चौथ्या दिवशी प्रत्येक तुकड्याभोवती पांढरी-जांभळट बुरशी, सूक्ष्मदर्शकाखाली कोयत्यासारखे बीजाणू. फ्युजेरियम! मोठ्या खुशीने रिपोर्ट लिहिला. त्याने कार्बेन्डाझिमच्या दोन आळवण्या दिल्या आणि रोपं मरतच राहिली. तुमच्यासारखंच.

चूक अशी होती की सडलेल्या मुळात फ्युजेरियम निघणारच. मांडवात पाहुणे जेवून गेल्यावर पत्रावळीवर बसलेल्या माश्या मोजून जेवण कुणी केलं ते ठरवण्यासारखं ते झालं. मारणारा फायटोफ्थोरा होता. तो साध्या आगरवर इतरांच्या गर्दीत मागे पडतो, आणि रोप मरून सडल्यावर तर हाती लागतच नाही. त्याच्यासाठी आगरमध्ये पिमारिसिन, अँपिसिलिन, रिफॅम्पिसिन आणि पीसीएनबी घालून बाकीच्यांची तोंडं बंद करावी लागतात. हे माहीत असूनही मी केलं नव्हतं, कारण पहिल्याच प्लेटमध्ये उत्तर सापडलं असं वाटलं होतं.

तो पुढे सापडला सफरचंदावर. ही युक्ती तुम्हीही करा. मेलेल्या रोपाखालची ओंजळभर माती पातेल्यात घ्या, वर चार बोटं पाणी, आणि त्यात एक कडक, हिरवट सफरचंद धुऊन अर्धं बुडेल असं सोडा. मेण लावलेलं चकचकीत फळ नको. पाणरेषेजवळ चार-सहा दिवसांत घट्ट, तपकिरी, कोरडा डाग वाढू लागला तर फायटोफ्थोराचा संशय पक्का धरा. डाग मऊ होऊन पाणी सुटलं तर ते दुसरंच काहीतरी. त्या घट्ट डागाच्या कडेचा तुकडा प्रयोगशाळेला दिला, तर आमचं निम्मं काम झालेलं असतं.

नाव कळून फरक काय पडतो, असं तुम्ही म्हणाल. फायटोफ्थोरा आणि पिथियम या खऱ्या बुरशा नाहीतच. त्यांच्या पेशीभित्तीत सेल्युलोज असतं आणि नातं समुद्रातल्या तपकिरी शेवाळांशी. कार्बेन्डाझिमचं त्यांच्यावर काही चालत नाही. ट्रायअ‍ॅझोल गटाचंही नाही, कारण ते औषध बुरशीचं स्टेरॉल बनवणं थांबवतं आणि हे जीव स्टेरॉल बनवतच नाहीत. तिथे मेटॅलॅक्सिल, फोसेटिल यांचं वेगळं कपाट उघडावं लागतं, तेही लेबलवर स्ट्रॉबेरी आहे का आणि तोडणीपूर्वी किती दिवस थांबायचं, हे वाचून. कोलेटोट्रिकममध्येही असाच घोळ आहे. अ‍ॅक्युटेटम गटाचे बीजाणू दोन्ही टोकांना निमुळते, ग्लिओस्पोरॉइडिस गटाचे कॅप्सूलसारखे गोल टोकांचे. पहिला गट जास्त करून फळ खातो, दुसरा क्राऊन. आणि पहिल्या गटावर कार्बेन्डाझिमच्या कुळातली औषधं मुळातच कमी चालतात. दोन्हींना आपण मराठीत ‘करपा’च म्हणतो.

फ्युजेरियमबद्दल दुकानदाराला एक विचारा. फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम जवळजवळ प्रत्येक शेतात असतं आणि त्यातलं बरंचसं निरुपद्रवी असतं. स्ट्रॉबेरीला मारणारा प्रकार ‘फ्रागारी’ म्हणून ओळखतात, पण सूक्ष्मदर्शकाखाली तो आणि निरुपद्रवी भाऊ सारखेच दिसतात. तो तोच आहे हे सिद्ध करायला एकतर त्याची खास डीएनए चाचणी लागते, नाहीतर जुनी पद्धत: शुद्ध बुरशी निरोगी रोपाला टोचायची, तेच रोप तसंच मरतं का बघायचं, आणि मेलेल्यातून तीच बुरशी पुन्हा काढायची. रॉबर्ट कॉखची ही कसोटी 19व्या शतकातली आहे आणि अजून तिच्याहून खात्रीचं काही मिळालेलं नाही. महिना-दीड महिना जातो, म्हणून कुणी करत नाही. दुकानदाराने ती केली असेल असं वाटत नाही.

तुमच्या पहिल्या दोन फोटोंवरून मला फ्युजेरियमपेक्षा मॅक्रोफोमिनाचा संशय जास्त आहे. ही बुरशी तुम्ही ओळखता, फक्त या नावाने नाही. रब्बी ज्वारीत कणसं भरताना पाण्याचा ताण पडला की ताटं खालून पोकळ होऊन लोळतात, ताट फोडलं की आत काळी भुकटी दिसते, तो खडखड्या. तीच मॅक्रोफोमिना फॅझिओलिना. पाचशेहून जास्त वनस्पतींवर ती जगते, सोयाबीनही त्यात आलं. काळ्या बारीक दाण्यांच्या रूपाने जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहते, आणि उष्णता व पाण्याचा ताण मिळाला की उठते. कॅलिफोर्नियात जमीन निर्जंतुक करणारी मिथाईल ब्रोमाईडची धुरी बंद होत गेली तसा स्ट्रॉबेरीत हाच रोग डोकं वर काढू लागला. काळ्या मल्चिंगखाली, ठिबकच्या शेवटच्या टोकाला पाणी कमी पडणाऱ्या रोपांत तो आधी दिसतो. ओळखायला सोपा: क्राऊनचा वाळलेला तुकडा भिंगाखाली खरवडा, मिरपूड पेरल्यासारखे काळे ठिपके दिसतात का बघा. आगरवर तीसेक अंशाला तीन-चार दिवसांत सगळी प्लेट काळी करते. तिच्यावर आळवणी करून पैसे घालवू नका. तिथे उपाय पाण्याचा, फेरपालटीचा आणि रोगट अवशेष शेताबाहेर नेण्याचा.

तिसऱ्या फोटोतलं रोप मात्र मला कोलेटोट्रिकमचं वाटतं, आणि तसं असेल तर तो रोग मातीतून नाही, बहुधा रोपांबरोबर आला. मदर प्लांटवरून रनरवर, म्हणजे नवं रोप देणाऱ्या सरपटत्या फांदीवर, आणि रनरवरून तुमच्या वाफ्यात. पान हिरवंगार दिसतं आणि बुरशी आत झोपलेली असते. हे पुढच्या वर्षी लागवडीआधी तपासता येतं. रोपांच्या गठ्ठ्यातून काही जुनी पानं देठासकट घ्या, स्वच्छ धुवा, फ्रीजरमध्ये दोन तास ठेवा आणि मग त्याच श्रीखंडाच्या डब्यात पाच दिवस. गारठ्याने पान मरतं आणि झोपलेली बुरशी नारिंगी थेंब घेऊन वर येते. थेंब आले तर तो गठ्ठा परत करा. भांडण होईल, होऊ द्या.

पानांवरच्या डागांचं तुम्ही विचारलेलं नाही, तरी पटकन सांगते, कारण लोक तेही ‘करपा’त ढकलतात. जांभळी कड आणि मध्ये पांढरा ठिपका: मायकोस्फेरेला. जांभळे, वेडेवाकडे, मध्ये पांढरं नसलेले डाग, वर डांबराच्या थेंबासारखे काळे ठिपके: डिप्लोकार्पॉन. पानाच्या कडेकडून आत शिरेकडे निमुळता होत जाणारा व्ही आकाराचा मोठा डाग: फोमॉप्सिस. पान उजेडासमोर धरलं आणि डाग काचेसारखा पारदर्शक, शिरांनी चौकोनी तोडलेला दिसला तर तो बॅक्टेरिया, झँथोमोनास, बुरशीनाशक वाया. फ्लोरिडात 2017 पासून निओपेस्टॅलोशिऑप्सिसने धुमाकूळ घातला आहे. त्याचे डाग इतरांसारखेच दिसतात, पण बीजाणू विसरता येत नाही: पाच खणांचा, मधले तीन खण रंगीत, डोक्यावर दोन-तीन मिशा आणि खाली एक शेपूट.

भुरीत पानं वाटीसारखी वर वळतात, खाली पांढरी पूड आणि लालसर चट्टे. ती जिवंत पानाशिवाय वाढत नाही, म्हणून आगरवर शोधू नका. शेजारच्या द्राक्षाच्या भुरीला दोष देणारेही भेटतात. ती वेगळी बुरशी आहे, इकडची तिकडे जात नाही.

डीएनए चाचणीचं आकर्षण हल्ली फार आहे. आयटीएस नावाचा डीएनएचा पाचशे-सहाशे अक्षरांचा तुकडा वाचून संगणकातल्या यादीशी ताडतात. प्रजाती-समूह कळायला तो बरा, पण कोलेटोट्रिकमच्या भावकीत तेवढ्याने निवाडा होत नाही, आणखी दोन-तीन जनुकं वाचावी लागतात. शिवाय यंत्राला माशी आणि पाहुणा यांतला फरक कळत नाही. तुम्ही सडकं मूळ दिलं तर ते माशीचंच नाव बिनचूक सांगेल. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत बुरशांचा राष्ट्रीय संग्रह आहे. शुद्ध केलेली बुरशी नेमकी कोणती, हा प्रश्न खरोखरच अडला तर अशा जाणकारांकडे जावं. पण ती शुद्ध केलेली असायला हवी, पिशवीतला चिखल नव्हे.

तूर्त तिसरी आळवणी थांबवा. माना टाकलेली रोपं मातीसकट काढून शेताबाहेर न्या, बांधावर टाकू नका. तुषार किंवा पाइपने वरून पाणी मारत असाल तर बंद करा, कारण कोलेटोट्रिकम थेंबांच्या शिंतोड्यांवर बसून पुढच्या रोपावर जातो. ठिबकच्या शेवटच्या टोकाला पाणी पोचतंय का, ते लॅटरलखाली, म्हणजे ठिबकच्या नळीखाली, भांडं ठेवून मोजा.

नमुना पाठवायचा तर दोन्ही प्रकारची रोपं वेगळी पाठवा: बाहेरून सुकणारी पाच, आतून लोंबणारी पाच, आणि निरोगी दोन. मुळं मातीसकट वर्तमानपत्रात गुंडाळा, पाणी शिंपडू नका. पानं मातीला लागणार नाहीत असं बांधा, पॉलिथिन अजिबात नको, खोक्याला भोकं पाडा. शनिवारी पार्सल टाकू नका, ते रविवारभर स्टँडवर शिजतं. सोबत चिठ्ठी हवी: वाण कोणता, लागवड कधी, आधी काय काय फवारलं आणि कधी, मेलेली रोपं ओळीने आहेत की ठिगळाठिगळाने, उताराच्या कोणत्या अंगाला. त्या तुकड्यात मागच्या दोन वर्षांत काय पीक होतं, तेही लिहा. ज्वारी किंवा सोयाबीन असेल तर त्याखाली रेघ मारा.